आधी लगाम, मग घोडा

डॉक्टर निनावे देवाला मानत नसत, पण बाटलीवरच्या लेबलाला मानत. देवळासमोरून सायकलवर जाताना त्यांचा हात कपाळाकडे गेलेला मी कधी पाहिला नाही. आतून घंटेचा आवाज आला तर तेही आपली सायकलची घंटा वाजवून पुढे जात. लेबल मात्र ते पोथीसारखं वाचत, आणि मनातल्या मनात नाही, खड्या आवाजात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, आणि मगच सुई बाटलीत शिरायची. हेपरिनच्या बाबतीत तर हा सोहळा कधीच चुकत नसे. आमच्या ऑपरेशन थिएटरबाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पाढे चालले आहेत.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि नागपुरात हेपरिनचं नाव ठाऊक असलेली सगळी माणसं एका टांग्यात मावली असती. रक्ताची गुठळी होऊ न देणारं हे औषध सुईनं द्यायचं. हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली की रक्ताला ती परकी वाटते आणि ते तिच्याभोवती गोठायला बघतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली की कारभार आटोपला. हेपरिन हे गोठणं थांबवतं, पण जास्त झालं तर माणूस आतल्या आत वाहू लागतो आणि कुठून वाहतोय ते उशिरा कळतं. त्यात या औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येत आणि दिसायला सख्ख्या जुळ्या. एकीतल्या थेंबापेक्षा दुसरीतला थेंब पाचपट जहाल. निनावे मुंबईला जाऊन ही नळीची विद्या शिकून आले होते आणि मी त्यांच्या पेशंटच्या उशाशी बसणारी, भूल देणारी डॉक्टर. मला ते नुसतं 'बाई' म्हणत, आणि चिडले की 'महालातल्या बाई', कारण माझं घर महाल पेठेत.

पूर्ण नाव दशरथ निनावे. कुणी आडनावावरून हसलं की ते आधीच सांगून टाकत, "आमचं नावच निनावं. आमचं चालते. बाटलीचं नाही चालत."

बुटकी मूर्ती, जाड भिंगाचा चष्मा, खिशात फुटाणे. तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरात मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे आवाज असा की कानात सांगितलेली गोष्ट गेटवरच्या चौकीदाराला कळे. त्यांची एक खोड फार वाईट होती. समोरच्याच्या कपड्याचं टोक चिमटीत धरून ते सूत तपासत. नर्सचा ॲप्रन, पेशंटचं धोतर, आमच्या मोठ्या साहेबांचा विलायती टाय, काही वर्ज्य नव्हतं. एकदा भर वार्डात त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं. मी सणसणीत काहीतरी बोलणार, तोच ते म्हणाले, "बाई, हे पातळ कोन्या दुकानातून घेतलं?"

"इतवारीतून. उमरेडचं आहे, खास."

"उमरेडचं नाही. मिलचं हाये. काठ तेवढा उमरेडच्या वाटेनं गेला आन् अर्ध्यातून परतला. तुमच्या महालातल्या लोकाइले सूत नाही समजत, भाव समजते."

मी घरी जाऊन ते पातळ उजेडात धरून पाहिलं. बरोबर सांगितलं होतं मेल्यानं.

एकदा त्यांनी आग्रह करून मला जेवायलाही नेलं. भाऊ मागावर, वहिनी चुलीशी, आणि ताटात सावजी रस्सा. महालातलं आमचं वरण गोडं, त्यात गूळ पडलेला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. वहिनी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. डॉक्टर खुशीत म्हणाले, "खा बाई. यानं रक्त आपोआप पातळ होते. हेपरिनचे पैसे वाचतील." तेव्हा आम्ही सगळे हसलो. 'पातळ' या शब्दानं पुढे आमचा जीव टांगणीला लावला म्हणून ते हसणं माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांच्या गल्लीतली पाजणी दाखवली. मागावर चढवायचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीभर पसरून त्यांना खळ पाजतात, तो कार्यक्रम. त्यांची आई खळीच्या घमेल्यात बोट बुडवी, वर काढी आणि ओघळ पाही. दाट असली तर सूत एकमेकाला चिकटतं, पातळ असली तर धागा पिंजून तुटतो. डॉक्टर म्हणाले, "माय बोटावर खळ पाहते, मी काचेच्या नळीत रक्त पाहतो. धंदा एकच हाये, तिले नळी फुटायची भीती नाही." आणि खरंच, हेपरिन दिलेल्या पेशंटचं रक्त काचनळीत घेऊन, नळी कोमट पाण्यात धरून, मधूनमधून तिरपी करत ते पाहत बसत तेव्हा माय आणि लेक यांच्या मानेचा बाक अगदी एकच असे.

त्यांचा दुसरा नियम लगामाचा. हेपरिनवर उतारा असतो, त्याचं नाव प्रोटामिन. हेपरिनची बाटली उघडण्याआधी प्रोटामिनची बाटली टेबलावर हजर पाहिजे. "आधी लगाम, मग घोडा," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की वार्डातले पेशंटसुद्धा आपापसांत म्हणू लागले. आमटी पाणचट आली तरी कुणीतरी म्हणे, आधी लगाम, मग घोडा. अर्थ काही नाही, पण जेवताना हशा.

या नियमाचं आणि आमच्या मोठ्या साहेबांचं जन्माचं वाकडं. साहेब शल्यविभागाचे प्रमुख. विलायतेत शिकलेले, उंच, गोरे, बोटं सुंदर आणि स्वभाव त्या बोटांना न शोभणारा. एकदा साहेब हातमोजे घालून तयार, पेशंट टेबलावर, मी भूल द्यायच्या बेतात, आणि ट्रेमध्ये प्रोटामिन नाही. कोठीचा कारकून कुलूप लावून जेवायला गेलेला. निनावे शांतपणे बाहेर व्हरांड्यात गेले आणि संत्रं सोलत बसले.

साहेब गरजले, "निनावे, आजपर्यंत ते प्रोटामिन एकदा तरी लागलंय का?"

"नाही साहेब."

"मग?"

"साहेब, तुमच्या मोटारीचा ब्रेक आधी लागून पाहिला आन् मग बसवला का?"

साहेबांच्या मानेपर्यंत लाली चढलेली मी पाहिली. कारकून मिशीला वरण लावून धावत आला, लगाम टेबलावर आला आणि काम सुरू झालं. संत्र्याची शेवटची फोड निनाव्यांनी त्या कारकुनाला दिली.

वाचायच्या बाबतीत मात्र साहेब शेवटपर्यंत वाकले नाहीत. निनावे लेबल वाचत, "हेपरिन, इतक्या इतक्या ताकदीचं," आणि साहेबांकडे बघत. साहेब पाठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग मी किंवा आमची नर्स मेरी सिस्टर उत्तर देत असू. एकदा साहेब फणकारले, "मी काय दुसरीतला पोरगा आहे, मागून म्हणायला?" निनावे म्हणाले, "नाही साहेब. दुसरीतली पोरं बरोबर म्हणतात." त्या दिवशी मी तोंडावर पट्टी असल्याबद्दल देवाचे आभार मानले, निनाव्यांच्या वाटचेही.

आता यमुनेची गोष्ट. तिच्याखेरीज निनावे सांगून होणार नाहीत.

यमुना तांडापेठेतलीच, त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीतली सून. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आखडली. नुसत्या सुताच्या कांड्या भरायला बसली तरी तिला धाप लागे, निजायची तर उशीला टेकून बसल्या बसल्याच निजे. औषधांनी जेवढं ओढायचं तेवढं ओढून झालं होतं. झडपेत बोट घालून ती मोकळी करायचं ऑपरेशन साहेबांना येत होतं, आणि ते झालं नाही तर पोरगी पुढची दिवाळी बघणार नाही, हे निनावे मला स्पष्टच बोलले होते. पण हृदयातला दाब नळी घालून मोजल्याशिवाय छाती उघडणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणजे आधी नळी, मग ऑपरेशन, आणि नळीसाठी हेपरिन.

तिला दवाखान्यात आणलं ते तिच्या सासूनं, इतवारीतल्या हमालाच्या हातगाडीवर गोधडी अंथरून. गिरजाबाई म्हणजे काळीसावळी, काटक, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात अंगार. सुनेला घरी ती काय काय बोलत असेल ते तिचं तिलाच ठाऊक, पण सुनेला मरू द्यायची तिची तयारी नव्हती. डॉक्टरांना तिनं शेंबडं असल्यापासून पाहिलेलं, तेव्हा तिच्या लेखी ते डॉक्टर वगैरे नंतर.

"काहून गा दशरथ, काय करून राहिले तुमी माह्या सुनेले?"

"मावशी, हातातल्या शिरेतून बारीक नळी घालतो. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून आधी सुई देतो. रक्त पातळ करतो आन् मंग पाहतो."

"पातळ करतं?"

"हो. घाबरू नको."

"आन् मंग घट्ट कोन करते?"

"आपोआप होते, मावशी."

गिरजाबाई यावर काही बोलली नाही. ती गप्प बसली याचं आम्हाला आश्चर्य वाटायला हवं होतं. आम्हाला बरं वाटलं.

नळीचं काम झकास झालं. लगाम टेबलावर होता, लेबल वाचलं गेलं, मी उत्तर दिलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं. निनावे नळी सरकवताना 'धोटा चालला, धोटा चालला' असं पुटपुटत, मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो धोटा. यमुना जागीच होती. तिलाही ते ऐकून हसू आलं आणि मी तिला हलू नको म्हणून दटावलं. दाब मोजला, झडप बोटानं उघडण्यासारखी होती. हेपरिनचा असर ओसरायला काही तास लागणार होते, तो ओसरेपर्यंत तिला वार्डात पडून राहायला सांगितलं. उतारा द्यायची गरज नव्हती. निनावे खुशीत फुटाणे वाटत फिरले.

दुपारी मेरी सिस्टर धावत आली. यमुनेची मांडी आणि कुल्ला सुजून वर आला होता, कातडी वांग्याच्या रंगाची, आणि नाडी पळत होती. आम्ही पोचलो तेव्हा गिरजाबाई खाटेशी बसून तिला वारा घालत होती, आणि खाटेखाली कापसाचा एक बोळा पडला होता.

निनाव्यांनी तो बोळा उचलला. "कोनं टोचलं हिले?"

"मी टोचवलं," गिरजाबाई म्हणाली. "चौकातल्या दवाखान्याचा कंपाउंडर बोलावला. ताकदीची सुई, लिव्हरची. तुमी पोरीचं रक्त पातळ केलं, मी घट्ट करायची सुई देल्ली. आधीच तिच्या अंगात पानी उरलं हाये. काय चुकलं माह्यं?"

आमच्याकडे अशक्तपणावर एकच उपाय, ताकदीची सुई, कुल्ल्यावर, जाड आणि दुखरी. परीक्षेत नापास झालेल्या मुलालासुद्धा देतात. एरवी तिनं फार तर गाठ येते. पण हेपरिन अंगात असताना मांसात खोल सुई टोचली की आतलं रक्त थांबायचं नावच घेत नाही. नळी घालताना जे होऊ नये म्हणून आम्ही एवढं सोवळं पाळलं, ते त्या कंपाउंडरनं खाटेवर एका मिनिटात केलं होतं.

मला वाटलं, आता निनाव्यांचा आवाज चौकीदारापर्यंत नाही, थेट सीताबर्डीच्या किल्ल्यापर्यंत जाणार. त्यांनी मात्र सुजलेल्या जागेवर दोन्ही तळहात दाबून ठेवले आणि मला म्हणाले, "बाई, लगाम."

प्रोटामिन आलं. मी लेबल वाचलं, मेरी सिस्टरनं परत म्हटलं. किती हेपरिन दिलं, किती वेळ झाला, अंगात किती उरलं असेल, याचा हिशेब निनाव्यांनी दाबलेले हात न काढता तोंडीच केला. तेवढ्यात गिरजाबाईनं विचारलं, "हे कशाचं औषध हाये?"

एखाद्यानं सांगितलं असतं, कारखान्यातलं. निनावे पेशंटशी खोटं बोलत नसत. "माशाचं."

"अरे देवा! माशाचं? माह्या गळ्यात माळ हाये गा!"

"माळ तुह्या गळ्यात हाये, मावशी. सुई सुनेले देऊन राहिलो."

गिरजाबाईनं माळ पोलक्याच्या आत सरकवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "दे लवकर."

मी उतारा शिरेत सोडू लागले. "हळू बाई, हळू," निनावे म्हणाले. "लगाम एकदम ओढला तर घोडाच बसते." हे अगदी खरं होतं. प्रोटामिन घाईनं दिलं तर रक्तदाब कोसळतो. मी थेंबाथेंबानं देत होते आणि ते यमुनेच्या तोंडाकडे बघत होते. मग काचनळीत रक्त घेतलं. नळी तिरपी केली, रक्त वाहिलं. थांबलो, पुन्हा तिरपी केली, पुन्हा वाहिलं. त्या वार्डातल्या बायका आपापल्या खाटांवर उठून बसल्या होत्या. मग एकदा नळी तिरपी केली आणि रक्त जागचं हललं नाही. निनाव्यांनी ती नळी गिरजाबाईच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "पाह्य मावशी. झालं घट्ट."

ते तळहात मात्र त्यांनी संध्याकाळपर्यंत काढले नाहीत. नाक खाजलं तर मेरी सिस्टर खाजवून देई. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या मते विषय संपला होता. हे औषध आपल्या लोकांत वापरण्यासारखं नाही, बाटल्या कुलपात जातील, आणि ती मुलगी ऑपरेशनशिवाय घरी जाईल. 'घरी जाईल' याचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होता.

निनावे म्हणाले, "साहेब, औषधानं काही केलं नाही. त्या बाईनंही नाही. चूक माझी. मी पातळ म्हणालो."

साहेबांना कळेना. संभाषण इंग्रजीत चाललं होतं, तेवढा एक शब्द सोडून.

"विणकराच्या घरी पातळ म्हणजे लुगडं. पातळ म्हणजे कढी. आणि पातळ म्हणजे बिघडलेली खळ. खळ पातळ झाली की सूत तुटतं आणि त्या दिवशी चूल पेटत नाही. मी त्याच घरातला आहे. आणि मी त्या बाईला सांगितलं, तुझ्या सुनेचं रक्त बिघडवतो, तू घाबरू नको. तिनं दुसरं काय करायला हवं होतं? आणि साहेब, रक्त काही पातळ होतच नाही. तेवढंच दाट राहतं, फक्त गोठत नाही. शब्दच खोटा आहे. खोटं औषध मी कधी दिलं नाही, खोटा शब्द दिला."

मी त्यांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांचा भयंकर अभिमान वाटला. आमच्या धंद्यात चूक कुणाची, तर पेशंटची, नर्सची, फार झालं तर दैवाची. साहेबांनी टायची गाठ सारखी केली. म्हणाले, "मग पुढच्या वेळी ते लोक ऐकतील कशावरून?"

"ते माझ्यावर सोडा."

त्या दिवसापासून आमच्या वार्डात 'रक्त पातळ' हे शब्द बंद झाले. 'गुठळी होऊ न देणारी सुई' म्हणायचं, कितीही लांबलचक वाटलं तरी. कोणा शिकाऊ डॉक्टरच्या तोंडून चुकून पातळ निघालं की निनावे विचारत, "नऊवारी का पाचवारी?" पण खरी युक्ती दुसरीच होती. त्यांनी गिरजाबाईकडून काठाच्या लाल सुताची भरलेली कांडी मागून घेतली. ज्याला हेपरिन दिलं त्याच्या मनगटाला तो लाल दोरा बांधायचा. दोरा आहे तोवर दुसरी सुई नाही, मालिश नाही, दात काढणं नाही, न्हाव्याचा वस्तरा नाही. काचनळीत रक्त नीट गोठलेलं दिसलं की दोरा डॉक्टरांनीच सोडायचा, इतर कुणी हात लावायचा नाही.

नागपुरात छापील सूचना कोण वाचतो? पण मनगटावरचा लाल दोरा दिसला की कंपाउंडरच काय, रेल्वेचा तिकीट कलेक्टरसुद्धा दोन पावलं मागे सरकतो. लोकांना तो मारुतीचा गंडा वाटे. मी त्यांना छेडलं, "काय हो, देव न मानणारे तुम्ही, आणि गंडे बांधता?"

"देवाले मी नाही मानत, बाई. गंड्याले लोक मानते. मले सुई थांबवायची हाये, धर्म नाही."

पहिला दोरा यमुनेच्याच मनगटाला, पण त्याला वेळ लागला. सूज उतरायला बरेच आठवडे गेले, मग साहेबांनी तिची छाती उघडली. तेव्हा मी उशाशी होते. साहेबांचं बोट आत गेलं, चेहऱ्यावरची एक शीर हलली, आणि माझ्या हाताखाली इतका वेळ चाचपडणारी तिची नाडी भरून आली. ऑपरेशननंतर पायात गुठळी धरायची भीती होती म्हणून निनाव्यांनी हेपरिन सुरू केलं आणि तो पहिला दोरा बांधला. गिरजाबाई खाटेशी अशी बसली की पेशंटला भेटायला आलेल्या सख्ख्या भावाचेही हात तिनं आधी तपासले.

यमुना पुढे चांगली हिंडू-फिरू लागली, मागावर बसू लागली. गिरजाबाई एक दिवस लाल काठाचं सुरेख पातळ घेऊन आली, डॉक्टरच्या बायकोसाठी. डॉक्टरांना बायको नव्हती.

"मंग मले काय करायचं हाये याचं? नेसू?" डॉक्टर म्हणाले.

"नेस. तुह्यावर शोभून दिसन."

त्यांनी पातळाचं टोक चिमटीत धरलं, सूत पाहिलं, खूश झाले आणि ते परत नेऊन यमुनेला नेसवायला सांगितलं. "माह्यासाठी कांडी आन मावशी. दोरा संपत आला."

पुढच्या उन्हाळ्यात निनावे गांधीबागेतून सायकलवर येताना छातीत कळ येऊन रस्त्यात बसले. कापडाच्या दुकानातल्या लोकांनी उचलून आमच्याकडेच आणलं. झटका मोठा होता. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. ते हेपरिनच्या सुईमुळे गेले नाहीत, हृदय थकून गेले, हे मी मुद्दाम लिहिते आहे. सगळ्यांना तेवढं नीट कळावं असं त्यांना नक्की वाटलं असतं. मला आजही रागच येतो, की ज्या माणसानं दुसऱ्यांच्या हृदयांची इतकी चौकशी केली त्यानं स्वतःच्या धापेचं कुणाला सांगितलं नाही. फुटाण्यांनी पोट फुगतं म्हणायचे.

त्यांना बोलताना शेवटचं पाहिलं ते आणलं त्याच दुपारी. मे महिना, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारलेलं. हृदयाच्या शिरेत आणखी गुठळी धरू नये म्हणून हेपरिन द्यायचं ठरलं होतं आणि ते मी द्यायचं होतं. टेबलावर आधी प्रोटामिन ठेवलं. कांडीवरचा लाल दोरा तोडून त्यांच्या मनगटाला बांधला. त्यांनी डोळे किलकिले करून दोऱ्याकडे पाहिलं, दोन बोटांत धरला. "पक्का रंग हाये," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी बाटली उचलली आणि लेबल वाचलं. नाव, ताकद, मात्रा. मेरी सिस्टरनं उत्तर द्यायचं होतं, पण ती पदरात तोंड खुपसून भिंतीकडे वळली होती. खोलीत कुणीच काही म्हणेना. परत म्हटल्याशिवाय सुई बाटलीत घालायची नाही, म्हणून मी बाटली धरून तशीच उभी राहिले.

दारात मोठे साहेब उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते खाटेशी आले, माझ्या हातातल्या बाटलीवर वाकले आणि हळूच म्हणू लागले, "हेपरिन..."

निनाव्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मोठ्यानं, साहेब," ते म्हणाले. "मागच्या बाकावर ऐकू नाही येत."

साहेब ताठ उभे राहिले, आणि दुसरीतल्या पोरासारखे, खड्या आवाजात, सगळं पहिल्यापासून म्हणाले.